काळा झाला म्हणजे थांबला

३ फेब्रुवारी, सोमवार

चावली! अंगठ्याला कडकडून चावली. दात किडके असले तरी चावायला पुरेसे आहेत, एवढं आज कळलं.

मी ब्रश घेऊन मागे, ती पुढे. पलंगाखाली, तिथून टेबलाखाली, तिथून बापाच्या पायांमागे. हिचं नाव भिंगरी कोणी पाडलं माहीत नाही, पण विचार करून पाडलंय. साडेतीन वर्षांचं चिपाड, आणि धरायला दोन माणसं लागतात. शेवटी बापाने धरली, मी ब्रश तोंडात घातला आणि तिने माझा अंगठा. 'राहू दे आज,' नवरा म्हणाला. रोजच राहू दे आज! माणूस चांगला आहे. फक्त त्याला रडणं बघवत नाही – तिचंही नाही, माझंही नाही. मग तो लिफ्ट दुरुस्त करायला निघून जातो. लिफ्ट रडत नाहीत.

लग्नाला चार महिने होतील. चष्म्याच्या दुकानातली माझी जोडीदारीण म्हणते, 'तुझं बरंय बाई, आयतं मूल मिळालं.' आयतं! तिने एकदा येऊन दात घासून दाखवावेत.

५ फेब्रुवारी

दातांच्या डॉक्टरकडे नेलं. फक्त लहान मुलांचे दात बघणारी बाई. भिंत पिवळी, भिंतीवर जिराफ. जिराफाचे दात उत्तम.

भिंगरी खुर्चीत बसेना. डॉक्टरीणबाईंनी खुर्चीचा नादच सोडला. स्टूल माझ्यासमोर ओढलं, माझ्या गुडघ्यांना गुडघे टेकवले आणि पोरगी दोघींच्या मांड्यांवर आडवी. पाय माझ्या कमरेभोवती, डोकं त्यांच्या मांडीत. ही गळा काढून रडायला लागली तर त्या म्हणाल्या, 'रडू दे. रडणारं मूल आपणहून आ करतं.' खरंच की! इतके दिवस मी तिला गप्प करत होते.

वरचे पुढचे चारही दात हिरडीपाशी तपकिरी, कडा झिजलेल्या. मागे दाढांत खड्डे. मी म्हटलं, 'दुधाचेच आहेत ना? पडणारच की.' बाई हसल्या नाहीत. हे वाक्य त्या रोज ऐकत असणार. 'पुढचे पडतील सहा-सातव्या वर्षी. दाढा दहा-अकरापर्यंत लागतात. तोवर ही काय चावणार? आणि खालून येणाऱ्या पक्क्या दातांची जागा हेच धरून ठेवतात.'

मग विचारलं, रात्री बाटली घेते का. घेते. दुधात साखर? असते. कधीपासून? मग सगळं सांगितलं. हिची आई गेली तेव्हा ही सव्वा वर्षाची. तेव्हापासून आजोळी होती. रात्र रात्र रडायची म्हणून आजीने बाटली लावली, ती तोंडात धरूनच झोपायची. लग्नानंतर इथे आली तीसुद्धा बाटलीसकट. मीही तीच चालू ठेवली. नव्या घरात पोर झोपतंय ना, मग झोपू दे.

'झोपेत लाळ कमी सुटते,' बाई म्हणाल्या. 'गोड दूध दातांवर तसंच बसून राहतं. रात्रभर.'

आता उपाय दोन. एक – इस्पितळात नेऊन, पूर्ण बेशुद्ध करून सगळे दात एकदम दुरुस्त करायचे. दुसरा – एक औषध किडीवर नुसतं लावायचं. सुई नाही, मशीन नाही. कीड थांबते. पण जिथे कीड आहे तिथे दात काळा होतो आणि काळाच राहतो.

'काळा म्हणजे?'

'काळा म्हणजे काळा. पाटीसारखा.'

विचार करून सांगते म्हटलं. त्याआधी बाटली सोडवा म्हणाल्या. जसं काही ते सोपंच आहे.

९ फेब्रुवारी

बाटलीत रोज दूध थोडं कमी, पाणी थोडं जास्त. साखर पहिल्याच दिवशी बंद. नवरा म्हणतो आपण दोघं गवळ्याच्या धंद्यात पडलोय. भिंगरीला संशय आलाय. एक घोट घेते, बाटली डोळ्यांसमोर धरून बघते, मग माझ्याकडे बघते. बापाकडे नाही बघत! त्याने काही केलं असेल असं तिच्या मनातही येत नाही.

११ फेब्रुवारी

झोप नाही. दुकानात एका गृहस्थांना अक्षरांचा तक्ता उलटा धरून दाखवला. ते बिचारे वाचायचा प्रयत्न करत होते.

१२ फेब्रुवारी

आज फार राग आलाय.

संध्याकाळी दात घासत होते. मांडीवर आडवी पाडली, डॉक्टरीणबाईंनी दाखवलं तशी. ती नेहमीसारखी ठो ठो रडत होती. तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या काकू. मान आत घालून म्हणाल्या, 'काय गं, मारलंस की काय पोरीला?' मी ब्रश वर करून दाखवला. त्या म्हणाल्या, 'नाही, आवाज येत होता म्हणून. बिन आईचं लेकरू ते.' आणि भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या.

सख्ख्या आईच्या हातून मूल रडलं तर हट्टी मूल. माझ्या हातून रडलं तर मी मारलं! गेले कित्येक दिवस मी खिडक्या लावून दात घासतेय, पंखा मोठा करतेय. घासायचंही अर्धवटच, आवाज वाढला की सोडून द्यायचं. लोकांच्या कानांसाठी पोरीचे दात किडवायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

१३ फेब्रुवारी

खिडक्या उघडल्या. एवढंच नाही, बाहेरच्या सामाईक गॅलरीत सतरंजी टाकली, पोरीला मांडीवर घेतलं आणि सगळ्यांच्या देखत घासले दात! बघा म्हटलं, काय बघायचं ते. ती किंचाळली, मी घासलं. वरचे, खालचे, मागचे. पेस्ट वाटाण्याएवढी. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा नातूही आला, भिंगरीच्या तोंडात डोकावून म्हणाला, 'ईऽऽ, हिच्या दाताला भोक आहे.' काकूंनी त्याला आत ओढला. मी म्हटलं, 'काकू, त्याचेही आणा की. एकाच सतरंजीवर होतील.'

त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मला मात्र फार बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी

नुसत्या पाण्याची बाटली तिने भिंतीवर फेकली. मग माझ्या दंडावर डोकं ठेवून, मला लाथा मारत मारत झोपली. बाटली उचलून कचऱ्यात टाकली. दंडाला मुंग्या आल्या होत्या, पण हलले नाही.

१८ फेब्रुवारी

काळ्या औषधावरून वाद. नवरा म्हणतो, 'मुलगी आहे. पुढचेच दात. हसली की काळं दिसणार.' मी म्हटलं, मग बेशुद्ध करू या का? हिची आई इस्पितळातून परत आली नव्हती. मलाही हे उशिरा आठवलं, बोलून गेल्यावर. पण तो चिडला नाही. नुसता हातातला पाना पुसत बसला. मग म्हणाला, 'लोक तुलाच बोलतील. सावत्र आईने पोरीचं तोंड काळं केलं म्हणतील.'

म्हणजे त्याला कळतं तर सगळं!

'बोलू देत,' मी म्हटलं. 'हसतील त्यांचे दात दिसतील.' मोठ्या तोऱ्यात म्हटलं. आता मात्र दोनदा उठून झोपलेल्या पोरीचं तोंड बघून आले.

२० फेब्रुवारी

लावलं. मिनिटा-दोन मिनिटांचं काम. पुन्हा गुडघ्याला गुडघे, मांडीवर भिंगरी. इवल्याशा ब्रशने थेंब थेंब. तिला चव आवडली नाही, 'चमच्यासारखं लागतं' म्हणाली. एक थेंब माझ्या बोटावर पडला. आधी काहीच नाही, संध्याकाळपर्यंत काळा डाग. साबणाने गेला नाही, घासणीने नाही.

दातही संध्याकाळपर्यंत काळे. बाई म्हणाल्या तसे – पाटी! भिंगरीने आरशात पाहिलं, ओठ वर करून, खाली करून. मग गॅलरीत पळाली आणि काकूंच्या नातवाला दाखवून आली. आता तो रडतोय, मलाही काळे दात पाहिजेत म्हणून. काकू माझ्याशी बोलत नाहीत.

दोन आठवड्यांनी परत दाखवायचं. दात काळा झाला आणि टणक झाला, म्हणजे कीड थांबली. काळा होऊन मऊच राहिला तर मग इस्पितळ.

२४ फेब्रुवारी, सोमवार

व्हायचं ते झालं. नवऱ्याने आजोळी व्हिडिओ कॉल लावला. भिंगरी आजीला बघून खदाखदा हसली. पलीकडून किंचाळीच आली. 'पोरीच्या तोंडाला काय फासलंत?'

मी फोन घेतला. या बाईंना मी काय म्हणायचं हे मला कोणी सांगितलेलं नाही. नवऱ्याच्या पहिल्या बायकोची आई – या नात्याला नावच नाही. भिंगरी म्हणते म्हणून मीही आजी म्हणते. म्हटलं, 'आजी, ते औषध आहे. कीड थांबते त्याने.' त्यांना ऐकायचंच नव्हतं. 'माझ्याकडे होती तेव्हा काय सुंदर हसायची! चार महिन्यांत काय करून ठेवलंस? तुला होत नसेल तर सांग. रविवारी येते आणि घेऊन जाते.'

नवरा काय म्हणाला? 'काही दिवस जाऊ दे. त्यांनाही बरं वाटेल. तूही दमलीयेस.'

काही दिवस! ती एकदा गेली की परत यायची नाही, हे त्यालाही कळतं आणि मलाही.

२५ फेब्रुवारी

जाऊ दे. मला झोप तरी मिळेल.

२६ फेब्रुवारी

दुकानातल्या माझ्या अर्ध्या दिवसात मनात हिशेब चालला होता – ती गेल्यावर काय काय करता येईल. पूर्ण वेळ काम. रविवारी उशिरापर्यंत लोळणं. चहा गरम असताना पिणं. यादी चांगली लांब झाली. घरी आले तर बाप आत फोनवर, भिंगरी गॅलरीत सतरंजीवर आधीच आडवी पडून होती, ब्रश हातात, तोंड उघडं, डोळे घट्ट मिटलेले. काकू इतक्या दिवसांनी बोलल्या, कधीची पडलीये अशी. आज अजिबात रडली नाही. मीच रडले.

मला ती जायला नको आहे. लिहिलं एकदाचं.

२७ फेब्रुवारी

चार महिन्यांत काय करून ठेवलंस, म्हणे! दोन वर्षं रात्रभर साखरेचं दूध कोणी पाजलं? मी? दातांची वाट लागली ती कुणाच्या घरी? हे एकदा तोंडावर सांगितलं की त्यांचं तोंड बंद. 'घेऊन जाते' म्हणायची हिंमत होणार नाही परत. डॉक्टरीणबाई साक्षीला आहेतच.

नवऱ्याला सांगितलं, रविवारी मी बोलणार आहे. तो म्हणाला, 'नको. त्यांची मुलगी गेलीये. आता नातीचे दातही तुम्हीच घालवलेत असं सांगणार त्यांना?'

'आणि मला जे सांगितलं ते?'

मी सांगणार. ठरलं.

२ मार्च, रविवार

आल्या. एक मोठी बॅग, निम्मी रिकामी. भिंगरीचे कपडे भरायला. माझ्या हातचा चहा घेतला नाही. भिंगरी जाऊन मांडीत शिरली ती उठेना. त्यांनी तिची हनुवटी धरून दात पाहिले, पदराने पुसून पाहिले. जातंय का काळं म्हणून!

दुपारी आजींनी तिला झोपवायला घेतलं. 'हिची बाटली कुठाय?' मी म्हटलं, 'बंद केली.' 'बंद केली? आईविना पोर, तिच्या हातातली बाटलीसुद्धा बघवली नाही? माझ्याकडे कशी शांत झोपायची.'

अगदी जिभेवर आलं होतं. नवरा दारात उभा होता, माझ्याकडे बघत. गिळलं. पण किती दिवस गिळायचं?

परवा दवाखान्यात त्याही येणार आहेत. 'त्या डॉक्टरला विचारते, कशाने झालं हे. कोणी केलं. मग तशीच घेऊन जाते पोरीला.' विचारा! डॉक्टरच सांगेल. मला तोंड उघडायचीही गरज नाही. बरं झालं.

४ मार्च, मंगळवार

नवऱ्याला सुट्टी नाही. आम्ही तिघीच. दवाखान्यात आज मदतनीसही नव्हती. डॉक्टरीणबाई आजींना म्हणाल्या, 'तुम्ही बसा हिच्यासमोर.' बसाव्या लागल्या. माझ्या गुडघ्यांना त्यांचे गुडघे टेकले. त्यांनी पदर नाकाला लावला होता. दवाखान्याच्या वासाने असेल. या बाईने मुलीला शेवटचं इस्पितळातच पाहिलं होतं, हे मला तिथे बसल्यावर आठवलं.

भिंगरीचं डोकं माझ्या मांडीत, पाय आजींच्या कमरेभोवती. मी म्हटलं, 'आऽऽ.' तिने आ केला. आजी बघतच राहिल्या.

डॉक्टरीणबाई वाकल्या. अणकुचीदार हत्याराने एकेक दात हळूच चाचपला. पहिला टणक. दुसरा टणक. चारही पुढचे टणक. दाढा – एक टणक, एक अजून थोडी मऊ. तिला परत औषध लावलं. 'थांबलीये कीड. काळा झाला म्हणजे थांबला, आजी. घाबरू नका. इस्पितळाची गरज नाही. फार चांगले घासलेत दात.'

तेव्हा आजींनी विचारलंच. 'पण हे झालं कशाने? कोणाच्या चुकीने?'

डॉक्टरीणबाई हातमोजे काढत होत्या. 'रात्रीची बाटली. गोड दूध. बहुतेकांचं तेच असतं. हिला तर लहानपणापासून –' आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

हीच वेळ होती. आठवडाभर मी हिची वाट बघत होते. समोर आजी, गुडघ्याला गुडघे लावून, भिंगरीचा पाय दोन्ही हातांत धरून. त्या पायावरून त्यांचा अंगठा सारखा फिरत होता.

मी म्हटलं, 'मला लवकर सोडवता आली नाही बाटली.'

खोटं नाही ते. आल्या आल्या सोडवायला हवी होती. पण म्हटलं ते त्यासाठी नाही. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि ट्रेमधल्या वस्तू उगाच आवरायला लागल्या. आजींचा अंगठा थांबला होता.

परत येताना बसमध्ये त्या खिडकीशी, मी कडेला, भिंगरी मध्ये पेंगलेली. मग बाहेर बघतच म्हणाल्या, 'मी दोन चमचे घालायचे साखर. एका चमच्याने झोपायची नाही.'

मी भिंगरीचं डोकं माझ्या दंडावर घेतलं.

'आईला हाका मारायची गं. कुठून आणून देऊ मी आई?'

'माहीत आहे मला,' मी म्हटलं. आमचा स्टॉप आला. भिंगरीला उचलायला दोघी एकदमच वाकलो, डोकी आपटली. कोणी हसलं नाही.

५ मार्च

सकाळी गॅलरीत दात घासले. आजी उंबऱ्यात बसून बघत होत्या. मग उठून आत गेल्या. भांडायची तयारी मी मनात करतच होते. नवराही आज उशिरा निघणार होता, त्यासाठीच.

आत गेले तर त्यांची बॅग भरलेली. त्यांचीच फक्त. भिंगरीचे कपडे पलंगावर घडी करून ठेवलेले. म्हणाल्या, 'हे कपाटात लाव. मला वाकवत नाही.' नवऱ्याने बॅग उचलली. जाताना आजींनी भिंगरीचे मुके घेतले. माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. बघवलं नसतं.

चहा मात्र घेऊन गेल्या.

७ मार्च

दमले. ताप नाही, काही नाही, नुसती दमले. इतके दिवस अंगात होतं ते कुठे गेलं कोण जाणे. भिंगरीने आज ब्रश लपवला. पुन्हा पहिले पाढे. मऊ दाढ पुढच्या महिन्यात परत बघायची. मग दर सहा महिन्यांनी. दाढा दहा-अकरापर्यंत राहायच्या म्हणजे अजून किती वर्षं घासायच्या याचा विचारच केला नाही.

९ मार्च, रविवार

दुपारी आजींचा फोन. मी भिंगरीला हाक मारायला लागले तर म्हणाल्या, 'तिला नको बोलवू. तू जेवलीस का?'

मला हे शेवटचं कोणी विचारलं होतं, आठवेना. जेवण झाकून तसंच पडलं होतं. फोन कानाला धरूनच झाकण काढलं.

'नाही अजून,' मी म्हटलं. 'बसतेच आता, आई.'